अर्धा नारळ

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांसही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, तळवड्यातल्या एका कारखान्याचे झाडून सगळे कॉम्प्युटर एका नारळामुळे अडून राहिले होते. नारळ जागेवर हजर नव्हता. तो फार वर्षांपूर्वी चऱ्होलीला खाल्ला गेला होता, आणि तोही अर्धाच. तरीसुद्धा त्याने मालकिणीला, खरेदी विभागाला आणि चाकणच्या एका बड्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलं. कृपया हसू नये. मीही आधी हसलो होतो.

अर्धा नारळ खाणारे गृहस्थ म्हणजे कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणारे आमचे ईडीपी. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पगाराच्या वेळी ते वापरातही येत असे. पण त्यांच्या खोलीवर जुन्या काळची पितळी पाटी होती, ‘ई. डी. पी. विभाग’. ही अक्षरं कशाची, हे सांगू शकणारा शेवटचा माणूस निवृत्त होऊन गेला, पाटी राहिली, आणि पाटीमागे बसणाऱ्यालाच लोक ईडीपी म्हणू लागले. घरून बायकोचा फोन आला तरी आमची ऑपरेटर सांगायची, “ईडीपी जेवायला बसलेत, वहिनी.” वहिनीही म्हणायच्या, “बरं, ईडीपींना सांगा दूध आणायला.”

माणूस उंच आणि वाळका. भर मे महिन्यात शर्टाच्या आत स्वेटर, कारण सर्व्हरच्या गार खोलीत दिवस जायचा. हात असे थंड की नवा माणूस त्यांच्याशी हस्तांदोलन करून झाल्यावर स्वतःचा हात चोळत उभा राही. अंगाला कापराचा वास. मुंग्या-झुरळं शिरू नयेत म्हणून ते प्रत्येक कॉम्प्युटरच्या पेटीत कापराची वडी ठेवत, याला भुताखेतांचं काही कारण नव्हतं. पण आपण मान खाली घालून काम करतोय आणि मागून हळूच कापूर दरवळला की मान गर्रकन मागे वळायची ती वळायचीच.

स्वतःच्या खोलीत शिरण्याआधी ते दारावर टकटक करत. कुलूप लावलेलं, किल्ली त्यांच्याच खिशात, तरी टकटक.

“आत कोण आहे?” मी एकदा विचारलं.

“कोणी नाही.”

“मग ठोठावता कोणाला?”

“अचानक जाऊ नये, राव. कोणी नसलं तरी.”

कोणाची हार्ड डिस्क बंद पडली की ते ती बातमी फोनवर देत नसत. स्वतः टेबलाशी येत, दोन्ही हात पुढे जुळवून क्षणभर उभे राहत आणि म्हणत, “गेली.” अकाउंट्सचे आमचे जाडजूड साहेब, ज्यांना बाकी कशाचं सोयरसुतक नाही, त्यांच्या तोंडून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, “फार त्रास झाला का?” आणि ईडीपी म्हणाले, “नाही. चहाच्या सुट्टीत. कळलंही नाही कोणाला.”

त्यांची सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे ते खोटं बोलत नसत. मी एकदा एक नको असलेली फाइल पुसली आणि गमतीने म्हणालो, “चला, मेली एकदाची.” ते माझ्या खुर्चीमागे उभे होते. “मेली नाही,” ते म्हणाले. “कॉम्प्युटर फाइल मारत नाही. तिच्या दारावरची पाटी काढतो फक्त. ती आतच बसून असते. दुसरं कोणी त्या जागेत राहायला येईपर्यंत.” मी नंतर जाणकारांना विचारलं. तंतोतंत खरं निघालं. तेव्हापासून मी काहीही पुसताना थोडा थबकतो.

आता मूळ प्रकरण.

आम्ही मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये बसणारे बारके भाग बनवतो. थोरल्या शेठच्या काळात विंडोजची एकच सीडी अख्ख्या कंपनीला पुरली होती, आणि शेठच्या हुकमावरून ती घालायचं काम ईडीपींनीच केलं होतं. पुढे शेठ थकले, त्यांची मुलगी कारभार बघू लागली. लहानपणी ती कंपनीत यायची तेव्हा ईडीपींच्या खोलीतल्या गारव्यात बसून चित्रं काढायची, त्यामुळे मालकीण झाल्यावरही ती त्यांना काकाच म्हणे. आम्ही मात्र तिला मॅडम म्हणायला शिकलो. मॅडमच्या टेबलावर चाकणच्या गिऱ्हाइकाचा निरोप येऊन पडला: ऑडिटला माणसं येणार, सगळं सॉफ्टवेअर कायदेशीर असलं पाहिजे, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा.

मीटिंग भरली. मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. एक, सगळ्यांची लायसन्सं विकत घ्यायची. दुसरी, विंडोज काढून लिनक्स टाकायचं, ते ओपन सोर्स असतं, कोणीही घ्या, कोणीही वापरा, पैसे नाहीत. मी खरेदीचा माणूस. शून्य किमतीचं कोटेशन माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा समोर आलं होतं. घासाघीस करायला जागा नव्हती एवढंच दुःख. मी लगेच हात वर केला.

ईडीपी कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, “ठेवलंय कोणी?”

“म्हणजे?” मॅडम म्हणाल्या.

“फुकट आहे म्हणता. मग कोणीतरी ते तिथे ठेवलं असणार. कोणी ठेवलं, आणि स्वतःच्या अंगावरचं काय उतरवून ठेवलं?”

अकाउंट्सचे साहेब फिसकन हसले. मीही हसलो. ईडीपींनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मॅडमशीच बोलत होते, एखाद्या लहान मुलाला रस्ता सांगावा तसं.

“आमच्या चऱ्होलीत तिकाटण्यावर उतारा असायचा. घरात कोणी आजारी असलं की त्याच्यावरून नारळ उतरवायचा आणि तीन वाटा फुटतात तिथे ठेवून यायचा. मागे वळून बघायचं नाही. जो उचलेल त्याच्याकडे दुखणं जाणार. हळदकुंकू लावलेला, ताजा, पाणीदार नारळ. कोणीही घ्या. कोणी घेत नाही.” ते जरा थांबले. “मी आणि माझा थोरला भाऊ, आम्ही घेतला. भूक लागली होती. दगडावर फोडला, अर्धा त्याने खाल्ला, अर्धा मी.”

कोणीतरी पंख्याचा वेग कमी केल्यासारखी खोली झाली.

“थोरला त्याच पावसाळ्यात गेला. डॉक्टर म्हणाले कावीळ. आई म्हणाली नारळ.”

“आणि तुम्ही काय म्हणालात, काका?”

“मी काय म्हणणार? अर्धा माझ्या पोटात होता. मी तेव्हापासून वाट बघतोय.”

हे त्यांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं की समोरच्या बशीतल्या बिस्किटाला पुढे कोणी हात लावला नाही. ती बिस्किटंही कंपनीने फुकटच ठेवली होती.

इथे जरा थांबून सांगतो, कारण नंतर राहून जाईल. ईडीपी आता निवृत्त आहेत. चऱ्होलीत त्या तिकाटण्यावरच मोठं गृहसंकुल उभं राहिलं आहे, पोहण्याचा तलाव वगैरे असलेलं. ईडीपींनी त्याच इमारतीत फ्लॅट घेतला. मी वास्तुशांतीला गेलो होतो. गॅलरीत उभा राहून म्हणालो, “एवढ्या जागा होत्या, इथेच कशाला?” ते म्हणाले, “येणाऱ्याला पत्ता शोधायला लागू नये.” मग आतून पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला, पण चावताना थोडा विचार केला.

तर, मीटिंग. मॅडमनी पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाल्या, “काका, लायसन्सांना कर्ज काढावं लागेल. ऑर्डर गेली तर तेही फिटायचं नाही. सांगा काय करू?”

ईडीपी उठले. “दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका,” ते म्हणाले. “मीच उचलतो. माझ्यात अर्धा आधीच आहे.”

आणि त्यांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून तो स्वतःच्या खोलीत ठेवला, तोंड भिंतीकडे करून. त्याच्यासमोर बसत, डबाही तिथेच खात. रोज संध्याकाळी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन हकिगत सांगत. खरेदीची फाइल घेऊन मीही नेमका त्याच वेळी तिथे कडमडत असे, हा निव्वळ योगायोग.

“कसं आहे?” मॅडम विचारायच्या.

“शांत आहे. जुनी सिस्टीम सारखं काहीतरी मागायची. परवानगी द्या, नूतनीकरण करा, परत चालू करा. ही काहीच मागत नाही.”

“चांगलंच की.”

“घरात एखादा माणूस राहायला आला आणि काहीच मागेना, तर तुम्हाला झोप लागेल?”

मग एका संध्याकाळी ते आले तेव्हा डोळे लाल होते. “त्यात लोक आहेत,” ते म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की अडलं की इंटरनेटवर प्रश्न लिहायचा, आणि जगाच्या पाठीवरून कोणीतरी उत्तर देतं. नाव खोटं, चेहरा नाही, पगार नाही. “माझ्या प्रिंटरचं एका माणसाला काय पडलंय?” ते म्हणाले. “पण त्याने दोनदा विचारलं, झालं का सुरू म्हणून. मी म्हटलं झालं. तो म्हणाला बरं झालं. आणि गेला. कुठे गेला?”

मॅडमनी डायरीत ‘प्रिंटर सुरू’ एवढंच लिहिलं. पण ऑडिट जवळ आलं होतं, आणि त्यांचाही धीर सुटत चालला होता. एक दिवस त्यांनी ईडीपींना माझ्यादेखतच सांगितलं, “काका, भुताटकी पुरे. बाकीचे कॉम्प्युटर नंतर बघू. आधी मापाचं मशीन नव्या सिस्टीमशी बोललं पाहिजे. येत्या गुरुवारी बोललं तर सगळी कंपनी बदलायची. नाही बोललं तर मी कर्ज काढते, आणि...” त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग बोलल्याच. “आणि ती सीडी सगळीकडे कोणी घातली, असं ते विचारतील तेव्हा मला तुमचं नाव सांगावं लागेल. तुम्हाला ठेवता येणार नाही.”

ईडीपींनी मान डोलावली. जणू ते या निरोपाची वाट बघत होते आणि तो अपेक्षेपेक्षा मवाळ निघाला होता.

मापाचं मशीन म्हणजे आमच्या तपासणीच्या खोलीतलं अवजड धूड. काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर एक लोखंडी हात उभा असतो, त्याच्या टोकाला माणकाएवढा लाल खडा. तयार झालेला भाग टेबलावर ठेवला की हात खाली उतरतो आणि त्या खड्याने भागाला ठिकठिकाणी शिवतो, टिक, टिक, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. त्यावरून मापं कळतात. ती मापं जोडल्याशिवाय आमचा माल गिऱ्हाईक गेटच्या आत घेत नाही. मशीन बनवणारी परदेशी कंपनी केव्हाच बुडाली होती. नव्या सिस्टीमशी ते कसं जोडायचं, हे विचारायला दारच नव्हतं.

भोसरी-तळवड्याच्या आमच्या पट्ट्यात एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. गुरुवारी दुपारी तळवड्यात उभं राहून बघा. प्रेस बंद, कॉम्प्रेसर बंद, रस्त्यावर ट्रक नाही, ऊन लख्ख, आणि इतकी शांतता की पत्र्याचं छप्पर तापून कडकड वाजतं तेही कानावर येतं. त्या दिवशी कंपनीत आम्ही चौघंच होतो. मॅडम, ईडीपी, मी, आणि मशीन चालवणाऱ्या तपासणीच्या ताई. ताई कुरुळीच्या, जुन्या गावकरी घरातल्या. सुट्टीचं बोलावलं म्हणून जरा रागातच होत्या.

ईडीपींनी नवा कॉम्प्युटर जोडला. दारावर नव्हे, या वेळी मशीनवरच दोन बोटांनी टकटक केली. चालू केलं. काही नाही. केबल बदलली. काही नाही. दुपारचं जेवण झालं, तरी लोखंडी हात जागचा हलला नाही. मॅडम खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांना बँकेत कोणाला फोन करायचा ते ठाऊक होतं, आणि तो लावायचा नव्हता.

मग ईडीपी म्हणाले, “सापडलं.”

मशीनच्या मॉडेलचा नंबर टाकून ते शोधत होते. जर्मनीतल्या कोणा माणसाने काही वर्षांपूर्वी तोच प्रश्न विचारला होता, आणि खाली एकाने भलंमोठं उत्तर लिहिलं होतं. ईडीपी इंग्रजीतून वाचत मराठीत सांगू लागले. “असं असं सेटिंग करा. एवढा वेग ठेवा. हा पर्याय बंद करा.” मग त्यांचा आवाज बारीक झाला. “माझ्या मशीनच्या मागच्या झाकणात डावीकडचा कनेक्टर ढिला आहे. त्याच्या स्क्रूचे आटे गेलेत. मी लाल नाडा बांधलाय. तुमच्याकडेही तसंच असेल तर तेच करा. बांधला असेल तर सोडू नका.”

“त्याच्या मशीनचं आहे ते,” मी म्हणालो.

ईडीपींनी स्क्रूड्रायव्हर घेतला. आमच्याकडे आल्यापासून ते झाकण कोणी उघडलं नव्हतं, वर धुळीचा एकसंध थर होता. झाकण निघालं. आत डावीकडच्या कनेक्टरला नाडा बांधलेला होता. खंडेनवमीला यंत्रांना बांधतात तो, लाल, आता तपकिरी पडलेला. एका बाजूला गाठ सैल झाली होती.

ते मशीन मीच आणलं होतं. भोसरीतल्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात. त्या दिवशी शेडमध्ये एक माणूस कापडाने हे मशीन पुसत उभा होता. मी त्याला वॉचमन समजलो. त्याने विचारलं, “कुठं नेणार?” मी म्हटलं तळवड्याला. तो म्हणाला, “गार ठेवा त्याला.” ट्रक निघाला तेव्हा तो गेटपाशी होता. चेहरा मला आठवत नाही. फार प्रयत्न केला, कापड तेवढं आठवतं.

मी हे सांगितल्यावर मॅडम कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ आल्या. “काका, हे त्याने लिहिलंय कधी?”

ईडीपींनी बोट ठेवलं. मशीन आमच्याकडे येऊन कित्येक वर्षं झाल्यावरची तारीख होती. तोवर त्याच्याकडे ना मशीन होतं, ना कंपनी. तरी ‘माझ्या मशीनच्या’ असंच लिहिलं होतं.

“आणि नाव?”

“खरं नाव नाही. टोपणनाव आहे. थर्सडे ऑफ.” ईडीपींनी आमच्या तिघांकडे पाहिलं. “जगात गुरुवारी सुट्टी असते कोणाला?”

बाहेर पत्रा कडकडला. 

“अजून एक ओळ आहे,” ईडीपी म्हणाले. “सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर हात एकदा आपला आपण उजवीकडे जाईल. तिथे काही नसतं. जाऊ द्या. परत येतो.”

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “व्हय. जातो.”

“काय?”

“रोज जातो. पार कोपऱ्यापत्तुर जातो, थांबतो, नि माघारी येतो. मी कुनाला बोलले न्हाई. येडी म्हनाल म्हनून.”

ईडीपींनी नाड्याची गाठ आवळली. सोडली नाही, आहे तीच आवळली. सांगितलेले आकडे भरले आणि चालू केलं.

मशीनने एक लांब उसासा टाकला, हवेचा दाब भरताना ते टाकतं तसा. लोखंडी हात वर उठला. आपला आपण उजवीकडे गेला, कोपऱ्याच्या वर जाऊन थांबला. तिथे एक मोकळं स्टूल होतं. मी शपथेवर सांगत नाही, पण तो रोजच्यापेक्षा जास्त थांबला असं ताईंचं अजून म्हणणं आहे. मग परत आला आणि खाली उतरला. टिक. टिक. टिक. पडद्यावर मापं उमटू लागली. ताईंनी तयार भाग ठेवून पुन्हा तपासलं, मान डोलावली आणि डोळ्यांना पदर लावला.

ईडीपी वाचले, कर्ज वाचलं, सगळी कंपनी लिनक्सवर जायचं नक्की झालं. टाळ्या वाजायला हव्या होत्या. पण ईडीपी त्या स्टुलाकडे बघत होते.

“ह्याला रिलीव्हर मिळाला नाही,” ते म्हणाले.

ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी: पाळी संपली तरी मशीनवरचा माणूस घरी जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिला आणि ‘आलो’ असं तोंडाने म्हणाला, की मगच त्याने मशीन सोडायचं. तोवर नाही. घरी काहीही असो.

“कंपनी बंद पडली,” ईडीपी म्हणाले. “मशीन गेलं. पण त्याला तसं कोणी म्हणालंच नाही. तो अजून मशीनवर आहे. कोणी विचारलं की सांगतो.”

 आणि मॅडम, ज्या पुण्या-मुंबईला शिकून आलेल्या, ज्यांनी त्याच आठवड्यात भुताटकी पुरे म्हणून बजावलं होतं, त्या एक पाऊल पुढे झाल्या आणि मोकळ्या स्टुलाकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“निघा आता तुम्ही, आम्ही आलोय.”